बांधाच्या पोटातलं पाणी

"मास्तर, तुझी होडी कुठे गेली?"

"आत्ता तर इथेच होती."

"ती मलाही दिसत होती. मी विचारतेय, आता कुठे आहे?"

मास्तरने नाकावरून घसरलेला चष्मा वर केला आणि पाण्याकडे पाहिलं. पाणकणसांची सावली होती, त्यांच्या शेंड्यावर एक आळशी चतुर बसला होता. होडी नव्हती. त्याआधी भिंगरीची होडी अशीच गेली होती, आणि तिच्याही आधी पिटुकलीची. सगळ्या एकाच जागी, नव्या बांधाच्या पायथ्याशी.

भिंगरी आणि तिची धाकटी बहीण पिटुकली सुट्टीला मामाकडे आल्या होत्या. भिंगरी जेवतानासुद्धा एका जागी बसत नसे, म्हणून ती भिंगरी. मास्तर हा मामाचा मुलगा, तिच्याच वयाचा. कोणी विचारो न विचारो, तो प्रत्येक गोष्ट समजावून सांगायचा, म्हणून तो मास्तर. पिटुकली खरोखरच पिटुकली होती. आवाज तेवढा तिच्या मापाचा नव्हता.

"कासवाने नेल्या," पिटुकलीने जाहीर केलं.

"कासव झाडाच्या सालीच्या होड्यांचं काय करणार?" मास्तर म्हणाला.

"खेळणार. त्यालाही सुट्टी असेल."

भिंगरी गुडघाभर पाण्यात पुढे सरकली आणि होडी गेली तिथे काठी खुपसली. काठी थरथरली आणि कोणी हिसकावून घ्यावी तशी तिच्या हातातून सुटून पाण्याखाली गेली. तिने वाकून तिथे हात घातला. तळहाताला काहीतरी गार, कडक, गोल लागलं, आणि पुढच्याच क्षणी हात तिथे घट्ट चिकटला.

"मला ओढा," ती म्हणाली.

आवाज इतका बारीक निघाला की मास्तरला वाटलं, ती थट्टा करतेय. मग तिचा खांदा पाण्यात गेलेला त्याने पाहिला. हनुवटी पाण्याला टेकली होती. त्याने धावत जाऊन तिच्या कमरेला मिठी मारली, पिटुकलीने त्याचा सदरा धरला, आणि तिघं मागे रेटा देऊ लागली. हात सुटला तेव्हा तिघंही चिखलात उताणी पडली.

भिंगरीच्या तळहातावर लालभडक वळ उठला होता. कंपासाने काढावं तसं गोल वर्तुळ.

तिघं तशीच चिखलाने माखलेली मुकादमाकडे पळाली.

मुकादम त्याच्या पोकलेनच्या सावलीत बसून जेवत होता. नदीकाठचा जुना बांध एका जागी मुद्दाम फोडून, तिथून नदीला आत यायला वाट करायची आणि घरांच्या अलीकडे नवा बांध घालायचा, हे सगळं काम त्याच्या हाताखाली झालं होतं. मुलांचा तो लाडका होता. तो त्यांना पोकलेनच्या केबिनमध्ये बसू द्यायचा, आणि त्या राक्षसी यंत्राच्या दातांनी जमिनीवरची टोपी उचलून दाखवायचा. भिंगरीने मोठेपणी पोकलेन चालवायचं ठरवलं होतं, ते त्याच्यामुळेच.

"मुकादमकाका, बांधाच्या पायथ्याशी एक भोक आहे," ती म्हणाली. "पाणी आत ओढतंय. माझा हात अडकला होता."

मुकादमाचा घास तोंडातच थांबला. मग तो सावकाश चावू लागला.

"खेकड्याचं बीळ असेल."

"खेकडा हात ओढतो?"

"पाणथळीत काय काय होतं ते तुम्हाला काय माहीत? तिकडे जायचं नाही आता. वर पाऊस झालाय, पाणी चढणार आहे. कळलं?"

तो हसला, पण रोजच्यासारखा नाही. संध्याकाळी मुलं पुन्हा त्या बाजूने गेली तेव्हा पोकलेनच्या पट्ट्यांचे ताजे ठसे पाण्यापर्यंत गेलेले दिसले. होड्या गेल्या होत्या तिथे दगडमातीचा ढीग ओतलेला होता.

"खेकड्याच्या बिळावर एवढे दगड," मास्तर म्हणाला. "फारच मोठा खेकडा असणार."

रात्रीच्या जेवणाला मामाचं ताटात लक्ष नव्हतं. नदी उद्या सकाळपर्यंत जुन्या बांधाला पाडलेल्या खिंडीतून आत येईल, असा निरोप आला होता. पाणथळ तयार झाल्यापासूनचा हा पहिला पूर.

दोन्ही बांधांच्या मधली ती सखल जमीन पूर्वी मामाचं सर्वात मोठं शेत होतं. वर्षानुवर्षं ती कोरडी ठेवायला जमिनीखालून पाईप घातलेले होते, पंप चालत होते, आणि तरीही काही वर्षांनी एकदा नदी बांध फोडून यायची आणि पीक, माती, सगळंच घेऊन जायची. शेवटी मामाने ती जमीन नदीला परत दिली. आता तो उंचावरच्या पट्ट्यात कडधान्य आणि भाज्या शेजारी शेजारी लावायचा, माती पालापाचोळ्याने झाकून ठेवायचा, फवारणी करायचा नाही. सखल भागात गवत वाढायचं, त्यावर गाई आणि बदकं पोसली जायची. खालच्या गल्लीतल्या बेकरीवालीने त्याचं नाव बेडकांचा जमीनदार ठेवलं होतं.

"पाणी आत आलं तर काय होईल?" पिटुकलीने विचारलं.

"पसरेल. हळूहळू. आपला गाळ इथे टाकेल आणि परत जाईल. नदीला जागा हवी असते गं, म्हणून तर तिला आत घेतलं."

"आणि बांध?"

"बांध टिकायलाच हवा," मामा म्हणाला. "गल्लीतल्या लोकांना मीच तयार केलंय. त्यांच्या उंबऱ्यात पाणी आलं तर ते खिंड बुजवतील, आणि बरोबर आहे त्यांचं. नदीला जागा द्यायची की नाही, हे पलीकडच्या गावांतले शेतकरीही आपल्याकडे बघून ठरवणार आहेत."

"मामा, त्या बांधाला भोक आहे," भिंगरी म्हणाली, आणि तळहात पुढे केला. वळ फिका झाला होता, नीट पाहिल्याशिवाय दिसत नव्हता.

"मुकादमाला सांगितलंस?"

"हो. त्याने वर दगड टाकले."

"मग झालं तर. त्याला त्याचं काम करू दे, बाळा. उद्या त्याच्या डोक्याला आधीच पुष्कळ ताप आहे." आणि तो गाई वर हलवायच्या गोष्टीकडे वळला.

सकाळी नदी आत आली. मुलांना वाटलं होतं, लाटा येतील, आवाज होईल. तसं काहीच झालं नाही. तपकिरी पाणी खिंडीतून गुपचूप शिरलं आणि गवताच्या मुळांमधून पसरत राहिलं. एखाद्या बारक्या चरात ते घुटमळायचं, चर भरला की पुढे निघायचं. गोगलगाई गवताच्या टोकांवर चढून बसल्या. बदकांची मात्र चंगळ झाली.

तिघं बांधाच्या माथ्यावरून चालत त्या जागेपाशी आली. मुकादमाने टाकलेला ढीग खचला होता. त्याच्यावरच्या पाण्यात चहाच्या कपाएवढा खळगा पडला होता आणि तो गरगर फिरत होता.

"पाणी आत जातंय तर कुठूनतरी बाहेर येत असणार," मास्तर म्हणाला. "ते कुठे येतंय हे कळलं पाहिजे."

"तुझ्या खिशात काय आहे?" भिंगरीने विचारलं.

"संत्री. आईने दिलीत. का?"

"खाऊया. पटकन."

सालींचे बारीक बारीक तुकडे करून त्यांनी ते माथ्यावरून त्या भोवऱ्यात टाकले. केशरी ठिपके फिरत फिरत मध्यावर आले आणि एकामागून एक नाहीसे झाले. मग तिघं बांधाच्या दुसऱ्या उतारावरून गल्लीकडे धावली. रस्त्याकडेची गटारं पाहिली. बेकरीमागची खोलगट जागा पाहिली, तिथे बेकरीवालीने त्यांना हटकलं. न्हाणीघराच्या मोऱ्या, झाडांची आळी, सगळीकडे पाहून झालं. कुठेच काही नाही. मास्तर म्हणू लागला की पाणी खोल जमिनीत मुरत असेल.

"इकडे या रे," पिटुकलीचा आवाज गल्लीच्या टोकावरून आला. "सायकलवाल्याकाकांकडे संत्री आलीत."

सायकलवाल्याचं दुकान जुन्या पंपघरात होतं. शेत कोरडं ठेवायचा पंप इथेच चालायचा. पंप गेला, दगडी खोली राहिली, आणि त्यात आता सायकली टांगलेल्या असायच्या. आत सायकलवाला फळ्या उचलून भिंतीला लावत होता. त्या फळ्यांखाली चौकोनी खड्डा होता. खड्ड्यात पाणी होतं आणि पाण्यावर केशरी ठिपके तरंगत होते.

"कधीपासून येतंय हे पाणी, काका?"

"महिनाभर नुसती ओल होती. आज सकाळपासून हे असं." त्याने वैतागून हात झटकले. "मुकादमाला दोनदा सांगितलं. म्हणतो, जमिनीचा पाझर आहे. पाझराला संत्र्याची साल लागते होय?"

भिंगरी खड्ड्याच्या काठावर बसली. पाणी एका कोपऱ्यातून वर उसळत होतं. चिखलाच्या रंगाचं, दाट. उसळी येई तिथे पाण्याखाली मातीचं लहानसं वारूळ साठलं होतं.

"ही माती कुठली?" ती स्वतःशीच म्हणाली.

मास्तर वाकून त्या वारुळाकडे पाहू लागला. त्याचा चेहरा उतरला होता. पाणथळ आणि हा खड्डा, यांच्या मध्ये एकच गोष्ट मातीची होती: बांध.

मुकादम बांधावर ताडपत्र्या मोजून घेत होता. भिंगरीने त्याला सगळं सांगितलं. ती भराभर बोलली, कारण तिला मनापासून वाटत होतं की तो आता चटकन उठेल, तिच्याबरोबर दुकानात येईल आणि सगळं ठीक करेल.

"वाऱ्याने उडाली असतील सालं," तो म्हणाला. तिच्याकडे न बघता.

"फळ्यांखालच्या खड्ड्यात?"

"हे बघ, दुपारी इंजिनिअर मॅडम येणारेत बांधाच्या पाहणीला. मला कामं आहेत. तुम्ही घरी जा, आणि त्या पाईपाच्या आसपास पुन्हा दिसलात तर मामाला सांगेन."

परत येताना भिंगरी वाटेतच थांबली. इतकी एकदम थांबली की मागून येणारी पिटुकली तिच्यावर आदळली.

"मास्तर, आपण त्याला पाईप म्हणालो होतो?"

"म्हणालो असू."

"नाही. मी भोक म्हणाले. कालही भोक, आजही भोक. पाईप तो म्हणाला."

मास्तरने चष्मा काढून पुसला. "म्हणजे त्याला माहीत आहे."

"आधीपासून माहीत आहे." तिने वाटेतला खडा पायाने उडवला. "आणि तरी मला खेकडा सांगितला."

मुकादमाने बोलल्याप्रमाणे मामाला सांगितलंच. मामाने तिघांना अंगणाबाहेर पाऊल टाकायचं नाही असं बजावलं आणि तो गाई घेऊन वरच्या रानात गेला. मामी रोपांच्या छपरात होती. ती वाफ्यांसाठी मातीची पोती भरत होती आणि तिचंही चित्त नदीकडे होतं. मोठ्या माणसांना काहीही सांगायला गेलं की आज एकच उत्तर मिळत होतं: नंतर.

"मॅडम आल्या की आधी आपल्याच ओट्यावर बसतात," मास्तर म्हणाला. "नकाशा इथेच पसरतात. पण मुकादम बरोबर असणार. आपल्याला बोलूच देणार नाही."

"बोलायचं नाहीच," भिंगरी म्हणाली. "पाहुण्यांना पाणी द्यायचं. पाणी देणाऱ्या मुलांना कोणी हाकलत नाही."

पिटुकलीने अंगणातूनच सायकलवाल्याला हाका मारल्या, आणि तो खड्ड्यातलं पाणी भरलेला डबा आणून देऊन गेला. त्याला कोणी अंगणाबाहेर जायची बंदी केली नव्हती.

दुपार कलल्यावर जीप आली. इंजिनिअर मॅडम उतरल्या. चिखलाने माखलेले बूट, खांद्यावर ओला रेनकोट. सकाळपासून त्या नदीच्या वरच्या अंगाला होत्या. मामाही परतला होता. मुकादमाने नकाशा पसरला आणि तो बांधाच्या दूरच्या टोकाविषयी बोलू लागला. तिकडून सुरुवात करू, तिकडची माती मऊ आहे, असं तो परत परत म्हणत होता.

पिटुकली तबक घेऊन आली. तबकात एकच पेला होता. तिने तो अदबीने मॅडमच्या पुढे धरला. मॅडमनी न बघता उचलला, ओठांपर्यंत नेला आणि थांबल्या.

पेल्यातलं पाणी पिवळट तपकिरी होतं. तळाशी बोटभर माती बसली होती.

"हे कुठलं पाणी?"

"बांधाच्या पोटातलं," पिटुकली म्हणाली.

मुकादम हसला. "पोरांचा खेळ आहे मॅडम, सुट्टी आहे ना."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पेला उजेडात धरला. "कुठून आणलंस, बाळ?"

भिंगरीने हे सकाळपासून मनात घोळवलं होतं. ती शांतपणे म्हणाली, "सायकलच्या दुकानातून, मॅडम. बांधाला खेकड्याचं बीळ आहे, असं मुकादमकाका म्हणतात. आम्ही आता लांब बांबू घेऊन जाणार आहोत. बिळात घालून ढोसला की खेकडा पळेल आणि..."

"बांबू घालू नका त्या पाईपात!" मुकादम ओरडला. "खेचून नेईल तुम्हाला, मराल."

मॅडमनी पेला खाली ठेवला. मुकादमाने ओठ मिटले, पण शब्द बाहेर पडून गेले होते.

"कुठला पाईप?" मॅडमनी विचारलं.

तो नकाशाची घडी घालू लागला.

"जुने निचऱ्याचे पाईप सगळे उपटले, असं तुम्ही मला सांगितलं होतं."

"एक राहिला," तो म्हणाला. आता तो एकाएकी थकलेला दिसत होता. "बांध उभा झाल्यावर दिसला. काढायचा तर बांध पुन्हा उकरावा लागला असता. मुदत संपत आली होती. तोंडात गोणपाट कोंबून माती लिंपली. वाटलं, बसेल."

मामा त्याच्याकडे पाहत राहिला. मग त्याची नजर भिंगरीच्या तळहाताकडे गेली, आणि त्याने मान खाली घातली.

मॅडम उठल्या होत्या. "नितळ पाणी झिरपलं असतं तर मी एवढी घाबरले नसते. हे गढूळ आहे. पाईपाच्या कडेने पाणी बांधाची माती आतून धुऊन नेतंय. गल्लीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि लहान मुलांना वरच्या रस्त्यावर न्या. लगेच. आणि मला पोती हवीत, भरलेली."

"वाळूचा ट्रक वरच्या पुलापाशी अडकलाय," मुकादम म्हणाला.

"माझी आहेत," रोपांच्या छपरातून मामी म्हणाली. ती दारात कधी येऊन उभी राहिली होती कोणाला कळलं नव्हतं. "माती भरलेलीच आहेत. सगळी न्या."

ती मामीची वर्षाची माती होती. पानं कुजवून, चाळून, उन्हात घालून केलेली. तिने एकदाच मागे वळून छपराकडे पाहिलं आणि पहिलं पोतं स्वतः उचललं.

गल्लीत बातमी पोचायला वेळ लागला नाही. बेकरीवाली दारात आली तेव्हा भिंगरीला वाटलं, आता ही भांडणार. तिने मामाकडे पाहिलं, पोत्यांकडे पाहिलं. "भांडायचं ते मी उद्या भांडेन," ती म्हणाली आणि रांगेत उभी राहिली. हातोहात पोती पंपघराकडे सरकू लागली.

"भोक बुजवायचं का?" सायकलवाल्याने विचारलं.

"अजिबात नाही," मॅडम म्हणाल्या. "इथे दाबलं तर पाणी बांधातूनच दुसरी वाट काढेल. खड्ड्याभोवती पोत्यांची भिंत उभी करा. पाणी त्या भिंतीत चढू दे. ते जितकं वर चढेल तितका त्याचा जोर कमी होईल. आणि पलीकडे पाईपाच्या तोंडावर ताडपत्री बसवायची."

"ती मी बसवतो," मुकादम म्हणाला. "जागा मला माहीत आहे."

पोकलेन बांधावर न्यायला मॅडमनी मनाई केली. त्या वजनाने बांध खचला असता. म्हणून मुकादमाच्या कमरेला दोर बांधला. दोराचं दुसरं टोक मामाने आणि गल्लीतल्या दोघांनी धरलं. ताडपत्रीच्या कडेला लोखंडी नळ्या बांधून ती माथ्यावरून खाली सोडायची होती.

भिंगरीला दुकानात काम मिळालं. काचेचा पेला खड्ड्यात बुडवायचा, दारातल्या उजेडात धरायचा आणि पाणी कसं आहे ते ओरडून सांगायचं. मामी तिच्या शेजारी उभी होती. मास्तर गल्लीच्या कोपऱ्यावर होता, तो निरोप पुढे बांधावरच्या मॅडमकडे पोचवणार होता. "आणि मी पळ म्हणाले की पळायचं," मॅडमनी बजावलं होतं. "मागे बघायचं नाही."

भिंगरीने पेला बुडवला. "गढूळ."

"गढूळ," कोपऱ्यावरून मास्तर ओरडला.

पोत्यांची भिंत गुडघ्यापर्यंत आली. तिच्या आत पाणी चढत होतं. उसळी आता आधीपेक्षा मोठी दिसत होती आणि मातीचे गोळे वर येत होते.

"गढूळ. खूप गढूळ."

बाहेर आरडाओरडा झाला. मास्तरला बांध दिसत होता, भिंगरीला दिसत नव्हता. "काय झालं?" तिने विचारलं. उत्तर आलं नाही. "मास्तर, काय झालं?"

"दोर ताणलाय," तो म्हणाला. "मुकादमकाका छातीपर्यंत पाण्यात आहेत. त्यांचा पाय... मामा... बाबा ओढतायत."

आपल्याच वडिलांना मास्तर मामा म्हणाला, हे त्या वेळी कोणाच्या लक्षात आलं नाही. भिंगरीला आपला खांदा पाण्यात जात असल्यासारखं वाटलं. तो ओढा तिला माहीत होता. काल तिला मागे ओढायला दोन लहान मुलं पुरली होती. आज पाणी कितीतरी खोल होतं.

"ताडपत्री सोडा म्हणतायत," मास्तर ओरडला. "काका म्हणतायत, माझी वाट बघू नका, सोडा. सोडली. सोडली त्यांनी."

मग काहीच ऐकू आलं नाही. खड्ड्यातलं पाणी तेवढं बुडबुडत होतं. मामीने भिंगरीच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो हात घामाने भिजलेला होता.

"सुटला पाय," मास्तरचा आवाज आला. "वर आले. खोकतायत, पण वर आले."

भिंगरीने पेला बुडवला. घाईत अर्धं पाणी सांडलं. "गढूळच आहे."

थोडं थांबून पुन्हा. "गढूळ."

रांगेतल्या माणसांनी उरलेली पोती भिंतीवर चढवली. आता ती भिंगरीच्या छातीला लागत होती. बाहेर उजेड तांबूस झाला होता. तिने पुन्हा पेला भरला, दारापाशी नेला आणि बराच वेळ पाहत राहिली. आशेने डोळे फसतात, म्हणून तिने तो मामीकडे दिला.

"मामी, तू सांग."

मामीने पेला फिरवून पाहिला. "मला माझ्या बोटांच्या रेषा दिसतायत पलीकडून."

"निवळतंय," भिंगरी ओरडली. तेच शब्द कोपऱ्यावरून पुढे गेले, बांधावर गेले, आणि तिकडून कोणीतरी मोठ्याने हसल्याचा आवाज आला. ते हसू मॅडमचं होतं हे नंतर कळलं.

सकाळी नदी उतरायला लागली होती. बांधाच्या एका बाजूला आकाशाएवढं पाणी पसरलं होतं, त्यात गवताची टोकं डोलत होती आणि बगळे लांब ढांगा टाकत फिरत होते. दुसऱ्या बाजूला गल्लीत लोक कोरड्या उंबऱ्यांवर बसून चहा पीत होते. मॅडमनी बांध इंचाइंचाने तपासला. पाणी पुरतं ओसरलं की पाईपाच्या जागी बांध उघडायचा, पाईप काढायचा आणि माती थराथराने पुन्हा दाबायची, असं त्यांनी ठरवलं होतं.

मुकादम ओट्यावर आला तेव्हा त्याचा एक पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत काळानिळा झाला होता. मामासमोर, मॅडमसमोर, जमलेल्या लोकांसमोर त्याने सगळं कबूल केलं. पुढचं काम दुसऱ्या कोणाकडे जाईल, हे मॅडमनी त्याला आधीच सांगितलं होतं. मग तो भिंगरीकडे वळला.

"तू मला विश्वासाने सांगायला आलीस, आणि मी तुला खेकडा दाखवला. माझं चुकलं, पोरी."

भिंगरीने त्याच्या पायाकडे पाहिलं. तिला राग आला होता, आणि काल दोर ताणला तेव्हा रडूही आलं होतं. "पाय फार दुखतोय का?" तिने विचारलं.

"दुखतोय."

"मामीकडे लेप आहे," ती म्हणाली. "थांबा, आणते."

"मी नदीकाठी इतकी वर्षं काम करतेय," मॅडम लोकांना म्हणाल्या, "पण बांध कुठे गळतोय हे साली टाकून शोधायचं मला सुचलं नसतं. काल ही गल्ली वाचली ती या तिघांमुळे."

"चौघांमुळे," सायकलवाला म्हणाला. "डबा मी आणला होता."

लोक हसले. बेकरीवाली गरम पावांची टोपली घेऊन आली होती. तिने ती पिटुकलीपुढे ठेवली आणि मामाला म्हणाली, "बेडकांचे जमीनदार, तुमच्यावर माझा अजून राग आहे. पण पूर्वी इतकं पाणी आलं असतं तर माझी भट्टी विझली असती. आज पहाटे पेटली." मग तिने मामीला विचारलं, पोत्यांतली माती परत मिळेल का, आणि नाही मिळाली तर बेकरीची राख वाफ्यांना चालते का. मामी म्हणाली, चालते. दोघी छपराकडे निघून गेल्या.

गर्दी पांगली. मामा ओट्याच्या पायरीवर मुलांशेजारी येऊन बसला.

"तू हात पुढे केला होतास," तो भिंगरीला म्हणाला, "आणि मी नीट पाहिलं नाही."

"वळ फिका झाला होता, मामा."

"फिका झाला म्हणून काय झालं?" तो उठला आणि पायात बूट चढवू लागला. "चला, बांधावरून फेरी मारून येऊ. तिघंही. मी नुसता चालेन, बघायचं काम तुमचं. आणि काही वेगळं दिसलं तर मी कितीही घाईत असलो तरी मला तिथेच थांबवायचं."

बांधावर पोचायच्या आतच पिटुकलीने त्याला तीनदा थांबवलं. पहिल्यांदा गोगलगाय होती, दुसऱ्यांदा बदकाचं पीस, तिसऱ्यांदा काहीच नव्हतं. तिन्ही वेळा मामा थांबला, खाली वाकला आणि त्याने नीट पाहिलं.